चिऊताईचं दार

चिऊताईच्या गोष्टीतल्या कावळ्याबद्दल लहानपणी मला कधी सहानुभूती वाटली नाही. घर शेणाचं बांधायचं आणि पावसाळा आला की दुसऱ्याचं दार ठोठवायचं, याला आमच्या वाणिज्य शाखेत नियोजनाचा अभाव म्हणतात. पण गेल्या सप्टेंबरात एका शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास मी स्वतःच कावळा झालो, आणि त्या बिचाऱ्याची बाजू प्रथमच माझ्या ध्यानात आली. त्याचं दुःख दार बंद असण्याचं नव्हतं. चिऊताईने त्याला आवाजावरून ओळखलं होतं, ओ दिली होती, आणि तरीही आत घेतलं नव्हतं!

झालं असं, की मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. माणूस सेक्रेटरी होतो कसा, असं कुणी विचारील तर उत्तर सोपं आहे. ज्या सभेला आपण गैरहजर असतो त्या सभेत आपली एकमताने निवड होते. शिवाय मी बँकेत, म्हणजे हिशेब माझ्याकडेच. तीन वर्षांचे हिशेब घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर होते. या कॉम्प्युटरवर माझ्या भाच्याने कॅनडाला जाण्यापूर्वी लिनक्स नावाचं प्रकरण बसवून दिलं होतं. "मामा, फुकट आहे," एवढं तो म्हणाला आणि पुढचं मी ऐकलंच नाही. रविवारी सकाळी दहाला वार्षिक सर्वसाधारण सभा. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहतात. त्यांनी आठ दिवस आधीच, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची बिलं पाहायची आहेत, असं लेखी कळवलं होतं. जिन्यात भेटले की ते हसत. ऑडिटर हसला की बँकेतल्या माणसाच्या पोटात कसा गोळा येतो, हे बँकेतलाच माणूस जाणे.

शुक्रवारी रात्री मी यंत्र सुरू केलं, पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला, क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा तीच नाव-पासवर्डची चौकट समोर. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मुद्दाम चुकीचा टाकून पाहिला, तर यंत्राने तत्परतेने "पासवर्ड चूक" असं सांगितलं. म्हणजे बरोबर होता तो बरोबरच होता. अकरा वेळा मी आत गेलो आणि अकरा वेळा बाहेर आलो. हिशेबांची दुसरी प्रत काढून ठेवायची असते, हे मी शाखेत रोज दुसऱ्यांना सांगतो.

"सभेत सांगा, कॉम्प्युटर उघडत नाही," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

तीन वर्षांचे हिशेब मागितल्यावर सेक्रेटरीने सांगायचं की ते आहेत, पण उघडत नाहीत! वीस वर्षांच्या नोकरीत एका पैची फिरवाफिरव न केलेला माणूस मी. त्या रात्री पंख्याखाली मला घाम फुटला. कॅनडात तेव्हा दुपार, भाचा ऑफिसात, फोन उचलत नव्हता. वाणिज्य शाखेचा पदवीधर संकटात सापडला की आधी दोष कुणाचा हे शोधतो, उपायाचं नंतर पाहतो. मोबाइलवर वाचत बसलो. वाचता वाचता पहाट झाली, आणि माझ्यावर आलेल्या प्रसंगाला जबाबदार असलेल्या इसमांची बरीच मोठी यादी हाती आली.

पहिलं नाव फर्नांडो कॉर्बाटो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्यांच्या चमूने १९६१ साली एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय करून दाखवली. तोवर पद्धत अशी, की भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालाची वाट पाहत बसायचं. थोडक्यात, आमच्या बँकेसारखीच. आता मात्र अनेकांच्या फायली एका पोटात आल्या. चाळीत बिऱ्हाडं वाढली की कुलपं येतात, तसा इथे प्रत्येकाला पासवर्ड आला. कुलूप आलं त्याच्या पुढच्याच वर्षी ते उघडलं गेलं, हेही चाळीच्या परंपरेला धरूनच. अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला यंत्राचे आठवड्याला चार तास मिळत. ते पुरेनात. त्याने काय करावं? सगळ्यांच्या पासवर्डांची फाइल छापून द्या, असं रीतसर कार्ड छपाईच्या खिडकीत टाकलं. ती छापून मिळाली! अर्ज नियमात असला की आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हा बाणा आमच्याच शाखेचा आहे असा माझा समज होता. शेरसाहेबांनी याची कबुली दिली ती कित्येक वर्षांनी, सगळं मुदतबाह्य झाल्यावर.

त्याच यंत्रावरचा आणखी एक किस्सा कॉर्बाटोंनी पुढे स्वतःच सांगितला आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी बसले. एक लिहीत होता आजची सूचना, दुसरा दुरुस्त करत होता पासवर्डांची यादी. दोघांचेही कच्चे कागद यंत्राने एकाच नावाने ठेवले आणि अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी आत येई त्याला सुस्वागतम्‌च्या जागी सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळत. सूचनाफलक कधी कुणी वाचत नाही म्हणतात. त्या दिवशी तो अखेरच्या ओळीपर्यंत वाचला गेला असावा.

यादीतलं दुसरं नाव केन थॉम्प्सन. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या कंपनीने एमआयटीबरोबर मल्टिक्स नावाचं भव्य काम आरंभलं आणि १९६९ साली त्यातून अंग काढून घेतलं. थॉम्प्सन मोकळे झाले. त्या उन्हाळ्यात त्यांची पत्नी तान्ह्या मुलाला घेऊन तीनेक आठवडे सासू-सासऱ्यांकडे गेली. बायको गावी गेली की आपल्याकडे पुरुष काय करतो? दूध उतू घालवतो, दोन दिवस खानावळीत जेवतो आणि तिसऱ्या दिवशी पत्र टाकतो. या गृहस्थाने आठवड्याला एक याप्रमाणे यंत्रणेचे भाग लिहून काढले आणि ती परत येईतो युनिक्स उभं केलं! नाव मल्टिक्सची टिंगल म्हणून. आज जगातल्या बहुतेक मोठ्या यंत्रांत, आणि तुमच्या-माझ्या मोबाइलच्या पोटातसुद्धा, त्या उन्हाळ्याचा वंशविस्तार आहे. हे मी हिला वाचून दाखवलं. "मीही जाते तीन आठवडे," ती म्हणाली. पुढे तिने फक्त आमच्या गॅसच्या शेगडीकडे पाहिलं.

युनिक्सचा आणि माझा मात्र जुना परिचय निघाला. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि आपल्या बँकांत यंत्रं शिरू लागली. पुढे कित्येक शाखांतली यंत्रं युनिक्सवरच चालत. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती आणि सकाळी पहिला शब्द दिसे "लॉगिन". त्यानंतर पासवर्ड. तो टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. किती अक्षरांचा आहे हेही मागे उभ्या राहिलेल्याला कळू नये, ही योजना. आमच्या शाखेत त्यावर तोड अशी होती, की हेडक्लार्क आपला पासवर्ड टाइप करताना तोंडाने मोठ्यांदा म्हणत.

तो पासवर्ड म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव. कॅशियरचा पासवर्ड धाकट्या मुलाचं नाव. सगळी शाखा एकमेकांच्या मुलांच्या नावांवर चाले, आणि कुणाकडे बारसं झालं की पेढ्यांबरोबर नवा पासवर्डही कळे. याची मला लाज वाटत असे. पण १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, तो पाहून माझी लाज गेली. त्यांनी ३२८९ पासवर्ड तपासले. त्यातले १५ एकाच अक्षराचे! दोन अक्षरांचे ७२, तीन अक्षरांचे ४६४. आखूड, सोपे, शब्दकोशातले किंवा नावांच्या यादीतले असे सगळे मिळून ८६ टक्के निघाले. हे पासवर्ड कुणा कारकुनांचे नव्हेत, कॉम्प्युटरवाल्यांचे.

या दोघांनी निदान एक शहाणपण केलं. युनिक्समध्ये सुरुवातीला पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. त्यांनी ते दळून ठेवायला सुरुवात केली. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड दिलात की यंत्र तो पुन्हा दळतं आणि दोन पिठं ताडून पाहतं. त्यामुळे तुमचा पासवर्ड काय, हे खुद्द यंत्रालाही ठाऊक नसतं. शिवाय दळताना त्यात चिमूटभर मीठ टाकायचं. ही माझी उपमा नाही हो, त्या शास्त्रात त्याला खरोखरच मीठ म्हणतात. ते ४०९६ तऱ्हांचं असल्यामुळे दोघांचा पासवर्ड एक असला तरी पीठ सहसा वेगळं दिसे.

मॉरिसांच्या घरातली गंमत तर सांगायलाच हवी. वडिलांनी जन्मभर कुलपं पक्की केली आणि सरकारात सुरक्षेच्या मोठ्या जागेवर गेले. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी एक कार्यक्रम लिहून इंटरनेटवर सोडला. तो या यंत्रातून त्या यंत्रात उड्या मारत हजारो यंत्रं जाम करून बसला. त्याच्या झोळीत ४३२ शब्दांची यादी होती. हा शब्द पासवर्ड आहे का, तो आहे का, असं तो दारोदार विचारत फिरे, आणि पुष्कळ ठिकाणी असे! वडिलांचा निबंध लोकांनी वाचला नव्हता, मुलाने वाचला असावा. मुलं आपलं ऐकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या बापांनी हे लक्षात ठेवावं.

आणि खुद्द थॉम्प्सनसाहेबांचा पासवर्ड? तोही फुटला, २०१९ साली. १९८० च्या सुमाराची एक जुनी पासवर्ड-फाइल लोकांच्या हाती लागली होती. पहिल्या दमात फुटलेल्यांत कोण कोण होतं? डेनिस रिची, ज्यांनी सी भाषा रचली. त्यांचा पासवर्ड स्वतःच्याच नावातून काढलेला. स्टीव्ह बोर्न, ज्यांचं बोर्न शेल जगभर चाललं. त्यांचा पासवर्ड "बोर्न"! आमचे हेडक्लार्क निदान मुलीपर्यंत तरी गेले होते. ब्रायन कर्निगन यांनी नुसती विरामचिन्हं बडवली होती. थॉम्प्सन तेवढे चिवट निघाले. आताच्या दणकट यंत्राला चार दिवसांहून अधिक घाम काढावा लागला, तेव्हा कुठे आठ अक्षरं बाहेर पडली. त्यांचा अर्थ बुद्धिबळातला: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे. याच माणसाने पुढे बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रालाही जगज्जेतं केलं. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी आपलं कुलूप फोडणाऱ्याचं अभिनंदन केलं म्हणतात. आमच्या वरिष्ठांपैकी एकानेही असं केलं नसतं.

पण या थॉम्प्सनसाहेबांवर माझा पूर्ण विश्वास नाही, आणि तो ठेवू नका असं त्यांनीच सांगून ठेवलंय. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्यानात एक युक्ती आहे. लॉगिन करणाऱ्या कार्यक्रमाला चोरदार ठेवायचं, पण ते त्या कार्यक्रमाच्या मजकुरात लिहायचंच नाही. तो मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा जो दुभाषा, त्यालाच शिकवून ठेवायचं की लॉगिन दिसलं की गुपचूप एक दार बसव. मग ऑडिटरने ओळन्‌ओळ तपासली तरी कागदावर सगळं स्वच्छ! ही युक्ती आमच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

चोरदारांचं सोडा, उघड मागलं दारही युनिक्सला पहिल्यापासून आहे. युनिक्समध्ये रूट नावाचा एक सर्वाधिकारी असतो. बाकी सगळ्यांना परवानग्या, रूटला नाही. आणि रूटचाच पासवर्ड हरवला तर? सत्तरच्या दशकातल्या यंत्रांच्या दर्शनी भागावर बटणांची रांग असे. तिच्यावर १७३०३० हा आकडा लावून यंत्र चालू केलं की ते एकट्यापुरतं उघडे आणि पासवर्ड विचारत नसे. आजच्या यंत्रातही सुरू होतानाच वेगळ्या वाटेने शिरायची सोय असते. म्हणजे इतकी कुलपं, इतकं दळण, इतकं मीठ, आणि शेवटी यंत्राला ज्याचा हात पोहोचतो तो मालक. बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात, आणि जोडकिल्ल्या दुसऱ्या शाखेत असतात. हे त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं!

रूटचे अधिकार सामान्य माणसाला घटकाभर उसने देणारा एक मंत्र १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात तयार झाला. त्याचं नाव सुडो. आता मात्र इतिहास माझ्या दारापर्यंत येऊन ठेपला. "मामा, कुठे अडलंच तर आधी सुडो लिही," असं भाचा जाताना सांगून गेला होता. आदल्या गुरुवारी खरंच अडलं होतं. चित्रांचा पडदा आलाच नव्हता, नुसती काळी पाटी आली होती. मी चित्रं आणणारी आज्ञा लिहिली आणि गुरुमंत्र म्हणून तिच्यापुढे सुडो जोडला. चित्रं आली. मी स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यालो.

शनिवारी सकाळी सात वाजता भाच्याचा फोन आला. मी हकीकत सांगितली. पलीकडे शांतता.

"मामा, तू सुडो लावून स्टार्टएक्स केलंस?"

"तूच म्हणालास अडलं तर सुडो लाव."

"अडलं तर म्हणजे कुठेही नाही रे, मामा!"

मग त्याने मला जे समजावलं ते मी बँकेच्या भाषेत सांगतो. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे सहीची तपासणी. ती पास झाली म्हणून कुणी लगेच पैसे मोजत नाही. पूर्वी चेक दिला की पितळी टोकन मिळे, ते घेऊन रोखीच्या खिडकीपाशी उभं राहायचं. युनिक्सच्या चित्रमय पडद्याची व्यवस्था एमआयटीमध्येच १९८४ साली एक्स या एकाक्षरी नावाने सुरू झाली, आणि पुढे तिच्यातही टोकन आलं. त्याला ते जादूचं बिस्किट म्हणतात. प्रत्येक वेळी आत येताना नवं बिस्किट तुमच्या घरातल्या एका लपलेल्या फायलीत लिहिलं जातं आणि ते दाखवल्याशिवाय पडदा कुणाला उभं करत नाही. गुरुवारी मी रूटचं सोंग घेऊन चित्रं आणली तेव्हा ती फाइल रूटच्या नावावर चढली. शुक्रवारी माझी सही जुळली, टोकन तयार झालं, पण ठेवायची पेटी दुसऱ्याच्या मालकीची! टोकन नाही म्हणून खिडकी बंद, आणि यंत्राने मला नम्रपणे पुन्हा रांगेच्या टोकाला आणून उभं केलं. अकरा वेळा.

हे ऐकताना मला आमच्या काउंटरवरच्या एक आजी आठवल्या. दर महिन्याला निवृत्तिवेतन घ्यायला येतात. पंधरा वर्षं मी त्यांना ओळखतो. माझ्या मुलीच्या मुंजीएवढ्या केसांना त्यांनी कधीकाळी गजरा आणून दिलाय. हल्ली हात कापतो, सही नमुन्याशी जुळत नाही. मागच्या महिन्यात मी स्लिप परत दिली. "अरे, तू ओळखतोस ना मला?" त्या म्हणाल्या. "ओळखतो हो आजी, पण सही..." असं म्हणून मी त्यांना तीनदा सही करायला लावली, तीनदा परत पाठवलं. अंगठा घेऊन साक्षीदारांच्या सह्या घ्यायची सोय आहे, पण त्यासाठी मला खुर्चीतून उठून साहेबांच्या केबिनपर्यंत जावं लागलं असतं, आणि लंच टाइम झाला होता.

"मामा, ऐकतोयस ना? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन एकदम दाब."

दाबलं. चित्रांची चौकट गेली आणि समोर काळा पडदा, पांढरी अक्षरं, "लॉगिन". वीस वर्षांपूर्वीची आमची शाखा! फक्त हेडक्लार्कचा आवाज तेवढा नव्हता. या यंत्राच्या एकाच घराला अशी पाच-सहा दारं असतात आणि मी रात्रभर एकाच दारावर डोकं आपटत होतो. आत गेलो. भाच्याच्या सांगण्यावरून घरातल्या सामानाची तपशीलवार यादी काढली. प्रत्येक फायलीपुढे मालकाचं नाव येतं. सगळीकडे माझं नाव, आणि एका ओळीत "रूट". सातबाराच्या उताऱ्यात भलत्याच माणसाचं नाव दिसल्यावर शेतकऱ्याला काय वाटत असेल, ते मला कळलं.

"आता परत सुडो?" मी घाबरत विचारलं.

"नको! सुडोला हात लावू नकोस," भाचा ओरडला. "लागत नाही. ती फाइल रूटची आहे, पण ती ठेवलीय तो कप्पा तुझा आहे. तुला त्यात लिहिता येणार नाही, पण तिला उचलून बाजूला ठेवता येईल."

युनिक्सचा कायदा खरोखरच असा आहे. तुमच्या घरात दुसऱ्याच्या मालकीची पेटी असली तर तुम्ही ती उघडू शकत नाही, पण दाराबाहेर काढून ठेवू शकता. कारण फाइल हलवायला तिचा मालक कोण हे पाहत नाहीत, ज्या कप्प्यात ती आहे त्याचा मालक पाहतात. भाडेकरू कायद्यात हे कलम असतं तर आमच्या आजोबांचं आयुष्य दहा वर्षांनी वाढलं असतं. भाचा म्हणाला, खोडून टाक. मी खोडली नाही. बँकेतला माणूस कागद फाडत नाही. तिला "जुनी" असं नाव देऊन ठेवली. एफ सातवर परत आलो, पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर गणपतीचं चित्र होतं आणि खाली सोसायटीच्या हिशेबांचं फोल्डर.

रविवारी सभा झाली. टाकीची बिलं मी स्वतः छापून नेली होती. ऑडिटरसाहेबांनी दीड तास तपासली, अकरा रुपयांचा फरक काढला आणि तो बेरजेतला नसून रिक्षाभाड्यातला आहे हे कळल्यावर थोडे खट्टू झाले. मग चष्मा काढून म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण हा पासवर्ड एकट्या सेक्रेटरींकडे असणं योग्य नाही. उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर?"

सभेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ते बरंवाईट शुक्रवारी रात्री होता होता राहिलंय हे सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. ठराव मंजूर झाला: पासवर्ड पाकिटात घालून, लाखेने सील करून अध्यक्षांच्या लोखंडी कपाटात ठेवावा. लाख मीच शाखेतून आणली. सोमवारी सकाळी पाकीट घेऊन गेलो, तर अध्यक्ष दारातच उभे. कपाटाची किल्ली त्यांच्या सौभाग्यवतींकडे, आणि त्या तीन आठवड्यांसाठी माहेरी गेलेल्या.

पाकीट अजून माझ्याच खिशात आहे. त्याच खिशात अंगठ्याच्या ठशाचा एक कोरा फॉर्मही आहे. पाच तारखेला आजी येतील.